मेनू ज्याचा त्यानं लिहावा

अध्यक्ष महोदय आणि अंबाजोगाईकर मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लिनक्सच्या पडद्यावरचा मेनू कसा रचावा’. लिनक्स ही विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, आणि मेनू म्हणजे तिच्यातल्या प्रोग्रामांची यादी. कसा रचावा ते सांगतोच. आधी का रचावा ते बोलू द्या, माझा जीव त्यात अडकलाय.

आमच्याकडं एका वाचनालयाला जुने संगणक मिळाले. यंत्रं धड होती. बसवणाऱ्यानं मेनू मात्र आला तसाच ठेवला: ॲक्सेसरीज, ग्राफिक्स, युटिलिटीज, सिस्टीम. सोयाबीनच्या विम्याच्या दिवसांत माणूस सातबारा बघायला येतो, त्यानं ॲक्सेसरीजमध्ये काय शोधायचं? बचत गटाच्या एक मावशी हिशेब लिहायला यायच्या. कॅल्क हा हिशेबाचा प्रोग्राम उघडून द्यायला दरवेळी कुणातरी लेकराला हाक. लेकरू शाळेत गेलं की हिशेब राहिला. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “हे असंच असतंय, बदलता येत नसतंय.”

हे उत्तर मला अजून सलतं. मेनू ही साधी मजकुराची फाईल आहे हो! पत्र लिहिता येणाऱ्याला ती लिहिता येते. ‘बदलता येत नाही’ म्हटलं की माणूस विचारायचंच सोडून देतो, आणि नुकसान तिथं होतं. हात वर करा बरं, कुणाच्या मेनूत कधीच न उघडलेली नावं आहेत? बघा, अख्खं सभागृह!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर.

लिनक्सवरचा ‘एक्स’ हा डिस्प्ले सर्व्हर १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झाला. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ची. तो पडद्यावर चित्र उमटवतो, माऊस-कीबोर्डची खबर पोचवतो. मेनूत काय असावं हे तो ठरवत नाही. ते काम विंडो मॅनेजरचं, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामचं, किंवा पॅनेलचं, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीचं.

जुन्या यंत्रावर ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर घ्या. रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक केलं की मेनू उघडतो, तो ‘मेनू डॉट एक्सएमएल’ फाईलमधून येतो. प्रत्येक नोंदीत दिसणारं नाव आणि चालवायची कमांड. नाव लिहा ‘सातबारा बघा’. कमांडमध्ये फायरफॉक्स आणि पुढं भूलेखच्या साइटचा पत्ता. मग ओपनबॉक्सला ‘रीकॉन्फिगर’, म्हणजे फाईल पुन्हा वाचायला, सांगा, यंत्र बंद करावं लागत नाही.

पॅनेलच्या मेनूला ‘डॉट डेस्कटॉप’ फाईली लागतात, एका प्रोग्रामची एक. त्यातल्या ‘नेम’पुढं चौकटी कंसात ‘एमआर’ टाकलं की मराठी नाव देता येतं. नको ते ‘नोडिस्प्ले’नं लपवा. मूळ फाईलला हात लावू नका, अपडेटमध्ये तुमचं लिहिलेलं जाईल. तिची प्रत त्याच नावानं होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये ठेवून बदला.

एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीत डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर, दोघांचं काम कंपोझिटर नावाचा एकच प्रोग्राम करतो. त्यातला लॅबडब्ल्यूसी नावाचा कंपोझिटर ओपनबॉक्सच्याच पद्धतीची मेनू फाईल वाचतो, म्हणजे आजचं शिकलेलं तिथंही चालेल.

चहाच्या वेळी मी मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतोय. आपापल्या गावच्या संगणकावर कोणती कामं होतात, तेवढी यादी घेऊन या.