सरकी, केळी आणि कॉफी

(दृश्य : यावल तालुका, केळीची बाग)

ओळीच्या ओळी, सगळी झाडं सारखी. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यूकल्चर रोपं, म्हणजे प्रयोगशाळेत तुकड्यापासून वाढवलेली हुबेहूब सारखी रोपं, एकदम लावली की निसवणही, म्हणजे घड बाहेर पडणंही, जवळपास एकदमच होते.

(दृश्य : शेजारचं कापसाचं शेत)

हायब्रीड कापूसही असाच एकसारखा येतो. पण त्याची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर एक झाड कमरेला आणि शेजारचं डोक्याच्या वर. कुठे टपोरं बोंड, कुठे बारीक. पहिल्या पिढीत एकत्र नांदलेले आईबापाचे गुण दुसऱ्या पिढीत वाटले जातात. १९७० साली सुरतला एच-४ हे हायब्रीड कापसाचं वाण तयार झालं, तेव्हापासून हायब्रीड लावणाऱ्याला दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागतं, ते यामुळेच.

(दृश्य : कॉफीची रोपवाटिका)

कॉफी आपल्या मातीतली नाही. ती कर्नाटकात, चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरांत, सावलीत वाढते. पण तिचं दुखणं आपल्याला ओळखीचं आहे, कारण तांबेरा हा बुरशीचा रोग आपण गव्हावर पाहतो. १८६९ साली कॉफीचा तांबेरा श्रीलंकेत दिसला आणि पुढे तिथले कॉफीचे मळे उठून चहा आला.

कॉफीच्या दोन मुख्य जाती : अरेबिका चवीला सरस, पण तांबेऱ्यापुढे नाजूक, रोबस्टा काटक. एकीची गुणसूत्रं ४४, दुसरीची २२, सहजी जुळणारी जोडी नव्हेच. तरीही तिमोर बेटावर निसर्गानेच त्यांचा संकर घडवला. १९५९ साली पोर्तुगालमध्ये त्या संकराची गाठ बुटक्या कातुरा वाणाशी घातली गेली, आणि कॅटिमोर हा वाण जन्मला. भारतातली ‘कावेरी’ त्याच घराण्यातली.

अशा संकराची दुसरी पिढी वाफ्यात बघा. बुटकेपणा प्रबळ, म्हणून साधारण चारांत तीन रोपं बुटकी, एक उंच. हा झाला एकच गुण. शेंड्याचा रंग हिरवा की तांबूस, दाणा केवढा, तांबेरा सोसणार की नाही, प्रत्येकाची वाटणी निराळी. कापूस सहा महिन्यांत आपलं रूप दाखवतो. कॉफीला पहिलं फळ धरायलाच तीन-चार वर्षं लागतात, आणि चव त्यानंतर कळते. पिढ्यान् पिढ्या निवड करून वाण स्थिर करायचा, तर वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. या पैदासकारांच्या चिकाटीपुढे मान झुकते.

मध्य अमेरिकेत आता दुसरी वाट धरली आहे. पहिल्या पिढीचं उत्तम झाड निवडायचं आणि त्याचं बी पेरायचंच नाही. पानाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत हुबेहूब तशीच रोपं वाढवायची. मग ती छोट्या पिशव्यांतून शेतावर जातात, आपल्या केळीच्या रोपांसारखीच.