डॉक्सच्या पानावर न दिसणारा ४०४

(पडद्यावर: ब्राउझर. पत्त्याच्या शेवटी 'स्लॅश डॉक्स' टाइप होतं.)

एंटर दाबलं की एपीआयच्या डॉक्सचं पान उघडतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली सोय, आणि डॉक्स म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारं पान. माहिती मागवायचे मार्ग निळ्या पट्ट्यांत, नवी नोंद पाठवायचे हिरव्या, खोडायचे लाल. पट्टी उघडून बटण दाबलं की खरीखुरी विनंती तिथल्या तिथे पाठवून बघता येते. हे पान कुणी बसून लिहिलेलं नाही. एपीआय बांधायच्या फास्टएपीआय या मुक्तस्रोत पायथन फ्रेमवर्कने ते कोडवरून उभं केलं आहे.

कल्पना मात्र त्याहून जुनी. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशात टोनी टॅम यांनी २०११ मध्ये स्वॅगर सुरू केलं. एपीआयचं वर्णन यंत्रालाही वाचता येईल अशा ठरावीक साच्यात ठेवायचं, म्हणजे त्यातून डॉक्स निघतात आणि ती एपीआय वापरणारा कोडही. २०१५ अखेर हा साचा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला, आणि पुढे त्याचं नाव ओपनएपीआय झालं. सेबास्टियन रामिरेझ यांचं फास्टएपीआय २०१८ चं. त्यात विनंत्यांची ये-जा स्टारलेट सांभाळतं, डेटाची तपासणी पायडँटिक करतं.

(पडद्यावर: एडिटरमध्ये 'पुस्तक' हा क्लास.)

समजा, ग्रंथालयाची एपीआय करायची आहे. पुस्तकाचं नाव मजकूर, प्रकाशनवर्ष पूर्णांक, प्रतींची संख्या पूर्णांक आणि शून्याहून कमी नाही. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक? हात आपसूक पूर्णांकाकडे जातो आणि तिथेच फसगत होते. २००७ पूर्वीचे दहा अंकी आयएसबीएन कधी शून्याने सुरू होतात, तर कधी एक्सने संपतात. पूर्णांक केला तर पुढचं शून्य गळतं, आणि एक्सवालं पुस्तक नोंदवताच येत नाही. ज्याची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही, तो आकडा मजकूर म्हणूनच ठेवावा.

चुकीचा डेटा आला की ४२२, म्हणजे 'डेटा नियमात बसत नाही' असं सांगणारा उत्तराचा कोड जातो, आणि कोणत्या रकान्यात काय बिघडलं तेही सोबत जातं. यासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

४०४ चं, म्हणजे 'सापडलं नाही' या कोडचं, तसं नाही. मागितलेल्या क्रमांकाचं पुस्तकच नसेल, तर फंक्शनच्या पोटात एक्सेप्शन (अडचणीचा इशारा) टाकून ४०४ पाठवतात. पण फास्टएपीआय वाचतं ते फंक्शनवरची '@' ने सुरू होणारी ओळ, म्हणजे डेकोरेटर, पॅरामीटर आणि त्यांचे टाइप. आतल्या ओळींत ते डोकावत नाही. म्हणून डॉक्समध्ये २०० (यशस्वी) दिसतो, ४२२ दिसतो, ४०४ चा मागमूस नसतो. पान बघून मोबाइल अ‍ॅप लिहिणारा त्या उत्तराची तयारी ठेवत नाही, आणि पहिलं न सापडणारं पुस्तक आलं की अ‍ॅप कोलमडतं. डेकोरेटरमधल्या 'रिस्पॉन्सेस'मध्ये ४०४ हाताने लिहावा लागतो: त्याचं मॉडेल (उत्तरातल्या रकान्यांचा साचा) आणि एक सरळ वाक्य, 'या क्रमांकाचं पुस्तक संग्रहात नाही'.

उत्तराचा टाइप दिला नाही, तर डॉक्समधल्या यशस्वी उत्तराच्या चौकोनातूनही काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे सभासदाची अख्खी नोंद, फोन नंबरासकट, बाहेर जाऊ शकते. 'रिस्पॉन्स मॉडेल' ही गाळणी आहे. त्यात नसलेला रकाना बाहेर पडत नाही.

(पडद्यावर: दोन मार्ग, एकाखाली एक.)

मार्गांचा क्रमही पाहायचा. 'पुस्तके, स्लॅश, क्रमांक' आधी लिहिलं आणि 'पुस्तके, स्लॅश, नवीन' नंतर, तर 'नवीन' हा शब्दच क्रमांक समजला जातो आणि ४२२ येतो. ठरावीक शब्दाचा मार्ग वर, बदलत्या किमतीचा खाली.

फंक्शनपुढे 'एसिंक डेफ' (वाट पाहताना दुसऱ्या विनंत्या हाताळू देणारं रूप) लिहिलं म्हणून वेग येत नाही. आत डेटाबेसचा साधा, थांबून राहणारा ड्रायव्हर असेल, तर एक मंद क्वेरी त्या प्रोसेसवरच्या सगळ्यांना ताटकळत ठेवते. अशा वेळी साधं 'डेफ' बरं. ते वेगळ्या थ्रेडवर चालतं.

मराठी डेटाचे आणखी दोन काटे. 'पुस्तक' या शब्दात आपण तीन अक्षरं मोजतो, पायथन सहा मोजतं. मात्रा आणि हलन्त स्वतंत्र धरले जातात. कमाल लांबी ठरवताना हे विसरलं, तर बरीच शीर्षकं विनाकारण नाकारली जातात. दुसरा काटा 'वऱ्हाड'चा. त्यातला 'ऱ' एकाच कोडने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन कोडनी. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे युनिकोडचं एनएफसी हे एकसारखं रूप करून घ्यावं. कुणी 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक टाइप केलं असेल, तर एनएफसी पुरत नाही. ते आपणच बदलायचं.

(पडद्यावर: पांढरं, रिकामं पान.)

इंटरनेट नसलेल्या कार्यालयीन नेटवर्कवर डॉक्स असे दिसतात, कारण हे पान दाखवणाऱ्या स्वॅगर यूआयच्या फाइली बाहेरच्या सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांवरून) येतात. त्या उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवायच्या. पान उघडतं पण एपीआयच्या वर्णनाची, ओपनएपीआय साच्यातली जेसन फाइल सापडत नाही, असं झालं तर बहुधा पुढच्या प्रॉक्सीने (विनंत्या आधी घेऊन आत पाठवणाऱ्या सर्व्हरने) पत्त्याला जोडलेला भाग 'रूट पाथ'मध्ये सांगायचा राहिलेला असतो.

ती जेसन फाइल कोडचे बदल जपणाऱ्या गिटमध्येही ठेवावी. प्रत्येक बदलानंतर ती नव्याने काढायची आणि जुनीशी ताडून पाहायची. विनंतीच्या 'रिक्वायर्ड' यादीत नवा रकाना दिसला, तर जुन्या अ‍ॅप्सना ४२२ मिळणार, हे बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधीच कळतं.