फ्रेम नंबर ११

आत्ता या व्हिडिओत हा जो बारीक चरचर आवाज येतोय ना, तो टिग वेल्डिंगचा आहे, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पाडून धातू जोडायची पद्धत. भोसरी एमआयडीसीतला गाळा, एप्रिलची दुपार, शटर अर्धं ओढलेलं आणि पंखा बंद. एवढ्या उकाड्यात पण पंखा बंदच, कारण वितळलेल्या धातूवर आर्गॉन गॅसचं जे कवच असतं ते जरा वारा लागला तरी हलतं आणि मग जोडात बारीक बारीक भोकं पडतात. समोर जिगवर, म्हणजे नळ्या जागेवर पकडून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, ज्या नळ्या दिसतायत ती माझी माउंटन बाइक. ऑर्डर मी फेब्रुवारीत दिली होती आणि ठरलं होतं की मे संपायच्या आत सायकल माझ्या हातात.

माझी उंची ५ फूट १ इंच. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी गेली सहा वर्षं सायकल चालवतेय, आठवड्यातून तीन सकाळी तरी असतेच, आणि त्यातली पाच वर्षं मला वाटायचं की उतारावर मलाच नीट जमत नाही. खाणीच्या बाजूला उतरताना मुरूम सुटा असतो, चाकाखाली ज्वारीसारखा सरकतो, तिथे अंग मागे न्यावं लागतं आणि मला जायलाच जागा नाही, हात आधीच पूर्ण ताणलेले, पुढचं चाक हलकं पडायचं आणि वळणावर बाहेर जायचं. मग एकदा एका मैत्रिणीने व्हिडिओ काढला आणि तो थांबवून थांबवून बघितला तेव्हा कळलं की सायकलच मोठी आहे, आणि ती दुकानात मिळणारी सगळ्यात लहान साइझ होती बरं का, त्याच्या खाली काही येतच नव्हतं.

ही फ्रेम वेल्ड करणाऱ्या या दादांचं नाव कळलं ते टेकडीवरच. दिवसा गाड्यांच्या कंपन्यांसाठी फिक्श्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवायचे साचे, बनवतात, संध्याकाळी आणि रविवारी फ्रेम. वर्षाला जेमतेम तीन-चार होतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि एक जाड कॅटलॉग दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत धरायला लावला, तिथून जमिनीपर्यंत टेप. मग हात, खांदे, पाठ. मग जुन्या सायकलवर बसवून कुठे दुखतं विचारलं, मनगट की मान की कंबर, आणि मी सांगत होते ते सगळं वहीत पेन्सिलीने लिहून घेत होते. एका तासाने कागदावर जी सायकल निघाली तिची वरची नळी खूप खाली, चाकं साडेसत्तावीस इंची, क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, १६० मिलिमीटरचे आणि पुढच्या फोर्कच्या तिरपेपणाचा कोन ६६ अंश, म्हणजे उतारावर चाक माझ्या बरंच पुढे राहील.

मटेरियल क्रोमोली, ४१३० म्हणतात ते. पोलादच, पण त्यात साधारण १ टक्का क्रोमियम आणि थोडंसं मॉलिब्डेनम. मी विचारलं की अॅल्युमिनियम का नाही, हलकं असतं ना. तर ते म्हणाले, सायकलला जे ६०६१ जातीचं अॅल्युमिनियम वापरतात ते वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ मऊ पडतं, त्याला परत ताकद आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत घालून हीट ट्रीटमेंट द्यावी लागते आणि एका फ्रेमसाठी भट्टी कोण पेटवणार. क्रोमोली वेल्ड केली की झालं. शिवाय नळीची टोकं जाड आणि मधला भाग पातळ, माझ्या नळ्या टोकाला ०.८ मिलिमीटर आणि मध्ये ०.५, म्हणजे जिथे जोर येतो तिथे माल आहे आणि बाकी ठिकाणी वजन वाचलंय. नखाने टिचकी मारून दाखवली त्यांनी, टोकाला आणि मध्ये आवाज वेगळा येतो. अगदी स्पष्ट वेगळा.

आणि माउंटन बाइक मुळात अशाच छोट्या वर्कशॉपमधून आलीय. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची, २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली रिपॅक रेस लावली. रिपॅक का, तर उतरताना मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून परत ग्रीस भरायचं. त्या सायकली मोडायच्या, म्हणून १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या एकाने खास या कामासाठीच फ्रेम बनवली, ती पण क्रोमोलीचीच. पहिल्या खेपेला जेमतेम दहाएक सायकली. मोठ्या कंपन्या नंतर आल्या. आपल्याकडे लुधियानात सायकली किती बनतात ते वेगळं सांगायला नको, पण डोंगरावर आपटायची सायकल इथे कोणी बनवेल असं फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पुण्यातच सायनाईड (Psynyde) नावाच्या सायकल कंपनीने फ्युरान नावाची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, काढली तेव्हा टेकडीवर आम्ही सगळे त्याबद्दलच बोलायचो.

असो, मे संपला.

सस्पेन्शन फोर्क बाहेरून यायचा होता तो कस्टममध्ये अडकला, ते समजण्यासारखं होतं. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दादांचा फोन आला, बाहेर पहिला मोठा पाऊस चालू होता आणि आवाज तुटत होता. "ताई, मागचा त्रिकोण ओढला गेलाय. दोन मिलिमीटर." मागचा त्रिकोण म्हणजे फ्रेमचा मागचं चाक धरणारा भाग. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि नळीला आपल्याकडे खेचतं, म्हणून एका बाजूला थोडं, मग दुसऱ्या बाजूला थोडं असं करत जातात, आणि तरी कधी कधी जातं. पोलाद असल्यामुळे हाताने वाकवून जागेवर आणता येतं, बरेच जण आणतात. ते म्हणाले, "आणता येईल, पण मला नाही आणायचं. मागचा अॅक्सल आरपार जातो, तिथे कायमचा ताण राहील. मी कापून नवीन लावतो." आणि मागच्या त्या वाकवलेल्या नळ्या शिल्लक नव्हत्या, म्हणजे अजून पाच आठवडे.

खरं सांगते, मला राग आला. अख्खा पावसाळा जाणार होता, आणि पावसाळ्यातली टेकडी, ओला मुरूम, ती हिरवाई, तो वास, त्यासाठीच तर मी मेची तारीख धरून बसले होते. रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा ३४ वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत वेल्डर होते. ते म्हणाले, "त्याने फोन करून सांगितलं ना? रंग मारून दिली असती तर तुला कळलं असतं का?" आणि थोड्या वेळाने, "मला ने एकदा तिथे."

हा पुढचा भाग मी फार कापलेला नाही, कारण मला तो कापवेना. जुलैतला रविवार. बाबा गाळ्यात शिरले, चप्पल बाहेर काढून, गरज नव्हती तरी. फ्रेम टेबलावर होती, मागचा त्रिकोण नवीन लागलेला. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, आणि अंगठ्याचं नख जोडावरून सावकाश फिरवलं. बघा इथे जवळून, एकावर एक सरकवून ठेवलेल्या नाण्यांसारखी बीड, म्हणजे वेल्डची रेघ, आहे, आणि नख कुठेही अडत नाहीये. मग विचारलं, "अँपिअर किती?"

"पन्नासच्या आत, काका. नळी पातळ आहे."

"आतून गॅस सोडतोस?"

"हो, नाहीतर आतली बाजू जळते."

बाबांनी मान हलवली. मग दोघं दीड तास बोलत बसले, टंगस्टनला धार कशी काढायची, हात कशावर टेकवायचा, श्वास कधी सोडायचा, आणि मी स्टुलावर बसून नुसतं शूट करत होते. रिटायर झाल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी बघितलं नव्हतं. निघताना दादांनी त्यांना डोळ्यांवर धरायची वेल्डिंगची काच दिली आणि एका तुकड्यावर दोन इंच वेल्ड मारायला लावलं. तो तुकडा आता आमच्या टीव्हीशेजारी आहे.

मग रंग. मला शेवाळी हिरवा हवा होता. पावडर कोटिंगवाल्यांकडे दिवसभर इलेक्ट्रिक पॅनलचे डबे चालतात, सगळे सीमेन्स ग्रे, आणि एका फ्रेमसाठी गन आणि बूथ साफ करून रंग बदलणं त्यांना परवडत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाचा तरी हिरवा माल येईपर्यंत थांबायचं. तीन आठवड्यांनी कुठल्याशा बागेच्या बाकड्यांची ऑर्डर आली, त्या बाकड्यांबरोबर माझी फ्रेम भट्टीत गेली. रंग दोन छटा गडद आलाय. मला हाच जास्त आवडतो.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादा स्वतः घेऊन आले, ओम्नीच्या मागे, जुन्या सतरंजीत गुंडाळून. आधी उलटी करून खालचा बॉटम ब्रॅकेट, जिथे पेडलचा अॅक्सल बसतो तो, दाखवला, तिथे ठोकलेला नंबर आहे, ११. नळ्यांच्या आत गंज लागू नये म्हणून मेण सोडलंय, त्याचा वास अजून येत होता. आईने चाकाला कुंकू लावलं, बाबांनी सीट पोस्टचा बोल्ट स्वतः आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या उतारावर मी अंग मागे नेलं आणि मागे जागा होती.

"१०० किलोमीटर झाले की घेऊन या," दादा जाताना म्हणाले होते, "हेडसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, आणि स्पोक बघायचेत. आणि काकांना पण आणा." आज ३८ झालेत.