मोठेपणी व्हायोलिन शिकायचंय? क्लास लावण्याआधी एवढं विचारा

(कोरा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, तारेवर ओढतो. आवाज नाही.)

ऐकलंत? काहीच वाजलं नाही. बो बिघडलेला नाही, नवा आहे. त्याला राळ लावायचीय. दुकानात रोझिन म्हणून मागा. राळेशिवाय बोचे केस तारेवरून नुसते घसरतात. राळेची वडीसुद्धा नवी असेल तर आधी तिच्यावर थोडा पॉलिश पेपर घासा, तेव्हा कुठे ती केसांना लागते. मला हे माहीत नव्हतं. दोन दिवस दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होतो.

असो. विषय क्लासचा.

बेचाळिसाव्या वर्षी मी घराजवळ पडतो म्हणून एक क्लास लावला. मला वाजवायचा होता यमन राग, आणि चार महिने बसलो पाच रेघांवरचं नोटेशन वाचत! सर चांगले होते हो. क्लास वेस्टर्नचा होता, आणि मी विचारलंच नव्हतं.

वाद्य तेच, पण वेस्टर्नमध्ये ते हनुवटी आणि खांद्यात धरतात, तारा जी-डी-ए-ई. हिंदुस्थानीत मांडी घालून बसायचं आणि वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवायचं. ते कशासाठी? मिंडेसाठी. सा वरून थेट प पर्यंत बोट घसरत न्यायचं, तर डाव्या हाताला वाद्य सांभाळायचं काम नको. तो भार पाय घेतो. तारासुद्धा सा आणि प मध्ये मिळवतात. कर्नाटकीची बैठक जवळपास अशीच, पण शिक्षण वेगळं. तिथे वर्णम्, कृती वगैरे रचना.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न: "सर, हिंदुस्थानी शिकवता की वेस्टर्न?" दुसरा: "मोठ्या माणसांना शिकवता का?" बॅचमध्ये आठ वर्षांची सहा मुलं आणि शेवटी आपण, असं होऊ शकतं. तासभर एकट्याला मिळत असेल तर आठवड्यातून एकदाच गेलात तरी चालेल.

सरांनी आधी गायला लावलं तर बिचकू नका. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, सूर कानातच असावा लागतो. व्हायोलिनवादक एन. राजम यांना पं. ओंकारनाथ ठाकुरांची तालीम मिळाली, म्हणजे गवयाची. त्यांचं वादन ऐका, मिंडेचं काय म्हणतोय ते कळेल.

परीक्षा द्यायची हौस असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक आहे. वेस्टर्नवाल्यांना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा. मी दिलेली नाही, ऑफिसच्या परीक्षा पुरे झाल्या.

आणि वाद्य? क्लास ठरल्याशिवाय घेऊ नका. मोठ्यांना फोर-फोर, म्हणजे फुल साइज लागतं. मी घाईनं ऑनलाइन मागवलं, तर ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, इतका उंच की तार दाबताना बोटांना वळ उठायचे. शेवटी सरांनीच तो काढून, वरून घासून, परत बसवून दिला. दहा मिनिटांचं काम, पण ते आपल्याला जमणारं नाही. दुकानात जाताना सरांना बरोबर न्या, चहा पाजा.