हाताला साथ रोबोटची

[दृश्य: संगणकाचा पडदा, समोर बसलेला रुग्ण]

पडद्यावर मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती गोलात आठ. रुग्णाचा लुळा हात पट्ट्यांनी रोबोटच्या दांड्याला बांधलाय. मधल्या ठिपक्यावरून कडेच्या ठिपक्यावर जायचं, परत यायचं, मग पुढचा ठिपका. पक्षाघातानंतर एवढंसं अंतरही कापता कापत नाही. खांदा पुढे झुकतो, कोपर मात्र उघडत नाही.

[दृश्य: कोपर, जवळून]

आता नीट पाहा. रोबोट हात ओढून नेत नाही, आधी वाट पाहतो. रुग्णानं जोर लावला, तर त्याला जाऊ देतो. हात अडला, भरकटला, तरच आधार देतो. या यंत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आम्हाला हीच वाटते. कष्ट रुग्णाचेच राहतात.

हा एमआयटी-मॅनस. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी तो घडवला. काम सुरू झालं १९८९ च्या सुमारास. कारखान्यातला रोबोट ताठ असतो, आपली रेघ सोडत नाही. इथं हवं होतं माणसानं ढकललं तर मागे सरणारं यंत्र.

पक्षाघातात मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शाबूत भाग ते काम काही प्रमाणात शिकून घेतात, आणि त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नेहमीच्या उपचाराच्या एका सत्रात हातानं काम करण्याच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. रोबोटवर त्या हजाराच्या घरात जातात.

[दृश्य: थेरपिस्ट रुग्णाचं मनगट धरून बसलेली]

मग गुण किती आला? २०१० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेले १२७ रुग्ण त्यात होते. ३६ आठवड्यांनी रोबोटचा गट नेहमीच्या उपचारापेक्षा थोडा पुढे होता. पण थेरपिस्टनं तितक्याच नेटानं व्यायाम करून घेतला, तिथं दोघांची बरोबरी झाली.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या रॅटल्स चाचणीचा निकाल आला. रोबोटमुळे हाताची हालचाल काहीशी सुधारली, पण रोजची कामं काही सोपी झाली नाहीत. आशेनं यंत्राकडे पाहणाऱ्या घरांना हे ऐकताना वाईट वाटेल, तरी सांगायलाच हवं. टेबलावर हात सरकवणं वेगळं आणि शर्टाची गुंडी लावणं वेगळं. गुंडीला बोटं लागतात, चिमूट लागते, नजर आणि हात यांचा मेळ लागतो.

तेव्हा रोबोट असलेल्या केंद्रात चौकशीला गेलात, तर एवढं नक्की विचारा: यंत्रावरून उतरल्यावर थेरपिस्ट किती वेळ देतात? आणि घरी गेल्यावर त्या हातानं रोज कोणतं काम करायचं?