हाडातील सूक्ष्म चिरा आणि श्राव्यातीत ध्वनी

नमस्कार, श्रोतेहो. मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते. पण मोडण्याच्या कितीतरी आधी त्यात ज्या बारीक चिरा साचत असतात, त्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत आणि बहुधा दुखतही नाहीत. अशा चिरेची लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. चालण्या-धावण्याच्या ताणाने त्या पडतच राहतात आणि निरोगी शरीर त्या बुजवतही असते. एका प्रकारच्या पेशी खराब भाग विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड रचतात. चिरा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकू लागला, की धोका सुरू होतो. लांब पल्ल्याचे धावपटू आणि नव्याने भरती झालेले सैनिक यांना होणारे स्ट्रेस फ्रॅक्चर याच वाटेने येते.

अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी १९६० मध्ये हाड रंगद्रव्याने रंगवून या चिरा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. ती पद्धत विश्वासार्ह आहे, परंतु तिच्यासाठी हाडाचा तुकडा कापून घ्यावा लागतो. घनता मोजणारी डेक्सा तपासणी खनिज किती आहे एवढेच सांगते.

मग सोनोग्राफीत वापरतात त्या श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीने (अल्ट्रासाऊंडने) चिरा का दिसू नयेत? कठीण हाडात ध्वनी सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने जातो; म्हणजे दहा लाख हर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मिलिमीटर होते, आणि तिच्या चाळिसाव्या हिश्शाएवढ्या चिरेवरून ओळखू येईल असा प्रतिध्वनी उमटत नाही. कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, वाढवावी, तर हाड तो ध्वनी अधिकच शोषून घेते. म्हणून संशोधकांनी चीर पाहण्याचा हट्ट सोडला आणि चिरेमुळे ध्वनीत काय बदल होतो ते मोजायला घेतले. मला या विषयातील सर्वांत सुंदर विचार हाच वाटतो. लहरीच्या दाबाने चिरेच्या दोन्ही कडा मिटतात, ताणाने उघडतात, जणू टाळी वाजावी तशा. त्यामुळे पाठवलेल्या कंप्रतेबरोबरच तिच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतेचे ध्वनीही अधिक प्रमाणात उमटतात. शिवाय, कंपनाचा जोर वाढवत नेला की चिरा पडलेल्या नमुन्याची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे ज्या कंप्रतेला तो सर्वांत जोरात कंप पावतो ती, निरोगी नमुन्यापेक्षा अधिक घसरते. प्रयोगशाळेत, काढून घेतलेल्या हाडांवर, ही चिन्हे ध्वनीच्या वेगातील बदलापेक्षा अधिक संवेदनशील ठरली आहेत.

जिवंत माणसात मात्र हाडाभोवती त्वचा, चरबी आणि स्नायू असतात. या मऊ ऊतींतही दुप्पट कंप्रतेचे ध्वनी निर्माण होतात, आणि थोडेफार ते उपकरणातूनही येतात. हाडाचा वेडावाकडा आकार त्यात भर घालतो. त्यामुळे टाचेच्या हाडाची जी अल्ट्रासाऊंड तपासणी आज केली जाते, ती चिरांची मोजणी नव्हे, आणि तसा समज कोणी करून देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एकाच व्यक्तीचे तेच हाड, त्याच जागी, ठरावीक काळाने पुन्हा मोजून तिच्याच आधीच्या नोंदींशी ताडून पाहणे, हा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. कारण मऊ ऊतींचा आणि आकाराचा प्रभाव अशा तुलनेत बराचसा सारखाच राहतो.