कादंबरीची फरदड घेऊ नका

(दृश्य : जानेवारीतलं वावर. कापसाची वाळलेली पऱ्हाटी, शेंड्याला दोन-चार किडकी बोंडं.)

वेचा संपला की वऱ्हाडात उलंगवाडी होते. वावरात ढोरं सोडतात, पऱ्हाट्या उपटतात. विहिरीला पाणी असलं की मात्र मोह होतो : एक ओलित देऊ, अजून दोन वेचे निघतील. ही फरदड. निघतो तो कवडी, म्हणजे किडका, हलका कापूस, आणि उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. पुढच्या हंगामात तीच नव्या पिकावर येते.

अडलेली कादंबरी वर्षानुवर्षं ओढत नेली, की तिची कीड अशीच पुढच्या लिखाणात उतरते.

(दृश्य : खाटेवर मांडलेल्या चिठ्ठ्या.)

आधी तपासा. एकेक प्रकरण एका ओळीत, एकेका चिठ्ठीवर लिहा आणि क्रमानं मांडा. दोन चिठ्ठ्यांच्या मधे 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का, की नुसतं 'मग'? दोन-तीन जागी 'मग' असेल तर दुरुस्ती होते. निम्म्याहून जास्त जागी असेल, तर पात्रं काही करतच नाहीत. अशा वेळी पहिलं प्रकरण सातव्यांदा घासण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या हस्तलिखितांत एक दोष हमखास दिसतो. कर्ज, नापिकी हे विषय असतात, गोष्ट नसते. कोण, कोणत्या दिवशी, काय गहाण ठेवायला घेऊन उंबरा ओलांडून गेलं, तिथं गोष्ट सुरू होते.

कागद फाडू नका. गठ्ठा बांधा. वरच्या पानावर चार ओळी लिहा : तारीख, शेवटचं पान, कुठे अडलं, का अडलं. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि सहा महिने गठ्ठा उघडू नका. बियाण्यापुरतं पाच-सहा गोष्टी वहीत उतरवून घ्या, एखादं नाव, एखादा संवाद. नायक मात्र नव्या लिखाणात आणू नका. त्याच्यासोबत जुनी गाठही येते.

(दृश्य : कापूस खरेदी केंद्र. गाड्यांची रांग.)

आता खिशात मावेल अशी वही घेऊन इथं दोन तास बसा. ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, ओलावा मोजायच्या यंत्राची टोकं कापसात खुपसतो. शासकीय खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत ओलाव्यापोटी भाव कापत नाहीत. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक कापतात. 12 च्या वर गेला की माल परत. सकाळी दवात वेचलेला कापूस इथंच अडकतो. यंत्राचा आकडा थांबेपर्यंत गाडीवाला काय करतो ते पाहा. दुपट्ट्याची गाठ सोडतो, पुन्हा बांधतो.

माणसागणिक तीनच नोंदी करा : हातात काय आहे, आत्ता काय हवंय, आडवं काय येतंय. कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं टिपा : "काहून बापा, कालच त वाळवला!" त्याचं प्रमाण मराठी करू नका. 'बिचारा', 'हताश' असले शेरेही नकोत. शेऱ्यांतून पुढे काही उगवत नाही.

त्याच रात्री एक पान लिहा. उशीर झाला की आवाज आधी जातो. खरा माणूस ओळखू येणार नाही इतकं गाव, वय, नातं बदला. पुढे दहा दिवस, रोज 300 शब्द. कादंबरी नाही, कथाच.

(दृश्य : वहीचं कोरं पान.)

पहिल्या ओळीत घर नको, बालपण नको, पावसाचं वर्णन नको. यंत्रावर 13 आलाय, मागे 20 गाड्या उभ्या आहेत, आणि गाडी घेऊन आलेल्या बाईला आज पैसे घेऊनच घरी जायचंय. आता ती काय करते ते लिहा.